मायलेज आणि ताकद एकाच पारड्यात

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी समोर आली की बॉनेट नंतर उघडायचं, आधी उकिडवं बसून चारही टायर बघायचे. घेणाऱ्यांना सेकंड हँड गाड्या तपासून देण्याच्या कामात हा क्रम हळूहळू अंगवळणी पडतो. त्यामागचं गणित अगदी साधं आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. समजा, पुढचे दोन टायर कोरे आहेत आणि मागचे झिजून ३ मिलिमीटरवर आलेत. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक पडला, म्हणजे परिघात ३१ मिलिमीटरचा. २१५/६० आर १७ या मापाचा कोरा टायर किलोमीटरमागे सुमारे ४६१ फेरे घेतो, झिजलेला तेवढ्याच अंतराला ४६८. दोनच चाकं ओढणाऱ्या गाडीला या सात फेऱ्यांशी काही देणंघेणं नसतं. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल जोडणाऱ्या यंत्रणेला मात्र दर किलोमीटरला सात फेऱ्यांची घसरण दिसते. रस्त्यावर नसलेला चिखल तिला जाणवतो आणि कोरड्या डांबरावर ती स्वतःशीच झगडत राहते. सुबारू कंपनीच्या जवळपास सगळ्या गाड्या चारही चाकांवर चालतात. ती सांगते, चार टायरांच्या परिघात पाव इंचाहून जास्त फरक नको, म्हणजे फार तर साडेसहा मिलिमीटर. आपल्या बाजारात मात्र ‘पुढचे दोन नवेच टाकलेत’ हे वाक्य गाडीच्या जमेच्या बाजूला लिहिलं जातं. त्या झगड्यात डिझेल जास्त जळतं, कपलिंगच्या प्लेटा झिजतात आणि गाडीची ओढ कमी होते. हे तिन्ही एकाच वेळी होतं, आणि मला जे म्हणायचंय त्याचा मुद्दा तोच आहे.

घेणारा येतो तो मनात तराजू धरून. एका पारड्यात अ‍ॅव्हरेज, दुसऱ्यात पिकअप; एक वर गेलं की दुसरं खाली जाणार, आणि आपल्याला मधला काटा शोधायचा आहे, अशी त्याची समजूत असते. शोरूममध्ये नव्या गाडीचे दोन प्रकार शेजारी उभे असतील तर हा तराजू बऱ्यापैकी खरा आहे. वापरलेल्या गाडीला तो लावला की माप चुकतं. सहा-आठ वर्षं रस्त्यावर काढलेल्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत मायलेज आणि ताकद बहुतेक वेळा एकाच पारड्यात बसलेली असतात. जी गोष्ट एकाला खाते तीच दुसऱ्यालाही खाते. समोरच्या पारड्यात असते आधीच्या मालकाने केलेली हेळसांड. म्हणून ‘मायलेज हवं की ताकद’ यावर घातलेला वेळ बराचसा वाया जातो, आणि जिथे वेळ घालायला हवा तिथे कुणी वाकून बघत नाही.

आधी हे बघू की चार चाकांचा म्हणून जो भुर्दंड सांगितला जातो तो खरोखर केवढा आहे. एकच मॉडेल, एकच इंजिन, फक्त चाकांचा फरक अशी जोडी मिळाली तर हिशोब स्वच्छ होतो. २०२२ मध्ये आलेल्या मारुतीच्या ग्रँड व्हिटारात ती मिळते. दोन-चाकी मॅन्युअलचा जाहीर आकडा २१.११ किलोमीटर प्रतिलिटर, चारही चाकं फिरवणाऱ्या ऑलग्रिप मॅन्युअलचा १९.३८. ऐकायला पावणेदोन किलोमीटरचा फरक मोठा वाटतो. शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात असं उलटं मांडलं तर ४.७४ आणि ५.१६, म्हणजे फरक अर्ध्या लिटरच्याही आत. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले तर ५१ लिटर. पेट्रोल हिशोबापुरतं १०४ रुपये धरलं तर वर्षाचे ५,३०० रुपये. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या जीप कंपासचं डिझेल इंजिन घेतलं तर कंपनीचे आकडे १७.१ आणि १६.३ आहेत. तिथे फरक आणखी कमी, वर्षाला ३४ लिटरच्या आसपास, कारण गरज नसते तेव्हा त्या गाडीत मागचा अ‍ॅक्सल यंत्रणेपासून सोडवला जातो आणि मधला शाफ्ट फुकट फिरत नाही. आता याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. पंपावर नुसतं इंधन बदलल्याने जे गेलं ते मागची दोन चाकं फिरवायला लागणाऱ्या इंधनाच्या फारसं मागे नाही. त्याबद्दल कुरकुर होते, पण त्यावरून कुणी गाडी नाकारत नाही.

वजनाचंही तसंच. शाफ्ट, मागचं डिफरन्शिअल, कपलिंग, जादा अ‍ॅक्सल मिळून अशा मध्यम गाडीवर पाऊणशे-ऐंशी किलोंचा बोजा चढतो असं धरू. सावंतवाडीकडून आंबोली घाट चढताना गाडी साधारण सहाशे मीटर वर जाते. दीड टनाची गाडी तेवढी उचलायची म्हणजे जवळपास ९० लाख ज्यूलचं काम झालं. इंजिन इंधनातली पाव ते तीस टक्के ऊर्जाच कामाला लावतं हे धरलं तर निव्वळ उंची चढण्यासाठी सुमारे एक लिटर पेट्रोल जळतं. त्यातला जादा ऐंशी किलोंचा वाटा पन्नास-पंचावन्न मिली. घाटमाथ्यावर थांबून कटिंग घेतला तर त्या ग्लासातही तेवढं मावेल. उतरताना ते सगळं परत मिळत नाही हे खरं, पण ‘चार चाकांचं वजन घाटात गाडीला बसवतं’ हा समज किती फुगलेला आहे ते यावरून कळावं.

यावर पहिला आक्षेप येतो तो कंपनीच्या आकड्यांवर. हे आकडे कागदी, रस्त्यावर ते मिळत नाहीत, मग त्यांच्यावर हिशोब कसला मांडता? आक्षेपाचा पहिला भाग मान्य. भारतीय चाचणीत गाडी रोलरवर चालते, एसी बंद असतो, वेग ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि चढ नसतो. रस्त्यावर दोन्ही प्रकार त्या आकड्यांच्या खालीच राहतात. पण इथे आपण तुलना करतोय ती एका चाचणीत तपासलेल्या दोन भावंडांची. दोघं सारख्याच सवलतीने पास झाली असतील तर त्यांच्यातलं अंतर बऱ्यापैकी टिकतं. शहरातल्या रहदारीत ते आठ-नऊ टक्क्यांचं दहा-बारा टक्के होईल, असं सोयीसाठी धरा. तरी जाहीर आकड्यांच्या हिशोबाने वर्षाची रक्कम सात-साडेसात हजारांच्या पुढे जात नाही, आणि तेवढ्यात या गाडीचा एक चांगला टायर येतो.

आता हाच हिशोब मोठ्या गाडीवर मांडू, कारण तिथे खरी गोम आहे. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी दाखवून दिलं की इंधनाच्या एका एककात किती अंतर कापलं अशा भाषेत इंधनाचा विचार करताना माणसाची फसगत होते. १८ वरून २० किलोमीटर आणि ८ वरून १० किलोमीटर, दोन्हीकडे फरक दोनाचाच दिसतो. शंभर किलोमीटरला मात्र पहिल्यात जेमतेम अर्धा लिटर वाचतो आणि दुसऱ्यात अडीच लिटर. दहा द्यायला हवेत अशी मोठी डिझेल एसयूव्ही दुर्लक्षामुळे आठवर आली असेल तर वर्षाच्या १२,००० किलोमीटरला ती तीनशे लिटर डिझेल जादा पिते. ९० रुपयांच्या भावाने ते झाले २७,००० रुपये, म्हणजे ग्रँड व्हिटाराच्या जादा दोन चाकांच्या पाचपट. आणि ती गाडी आठवर आली असेल तर ओढायलाही आठवरच आलेली असते. दोन लाखांनी स्वस्त मिळाली म्हणून जुनी मोठी एसयूव्ही घेणाऱ्याने आधी हे वाचावं, मग सौदा करावा.

चारही चाकं फिरवणाऱ्या सगळ्या गाड्यांना एकाच नावाने हाक मारायची आपली सवयही हिशोब बिघडवते. ‘फोर बाय फोर आहे’ एवढंच ऐकून लोक पुढे जातात. जिम्नी आणि ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप शेजारी उभ्या करा. कंपनी एक, दोन्हींची पेट्रोल इंजिनं १,४६२ सीसीची, दोन्हींची ताकद शंभराच्या किंचित वर, वजनातही फार तफावत नाही. जिम्नी मॅन्युअलचा जाहीर आकडा १६.९४, दुसरीचा १९.३८. एकाच मॉडेलमध्ये दोन आणि चार चाकांत जेवढा फरक पडतो त्याच्या पावणेदोन पट फरक या दोन चार-चाकी बहिणींमध्ये पडतो. थोडा वाटा इंजिनाच्या वेगळ्या पिढीचा आणि सौम्य हायब्रिडचा आहे. बाकीचा जातो चौकोनी उभ्या अंगाला, शिडीच्या चासिसला, आखूड गिअरिंगला आणि लो रेंज असलेल्या ट्रान्सफर केसला. जिम्नी पार्ट-टाइम आहे: लिव्हर ओढला की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल कडक जोडले जातात, मध्ये सूट देणारं डिफरन्शिअल नाही. म्हणून फोर-हाय कोरड्या डांबरावर टाकायचंच नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, आणि ती तफावत कुठेच निघाली नाही की सगळी यंत्रणा पिळवटून निघते. ग्रँड व्हिटारात हे काम कपलिंग करतं, गरज पडेल तेवढंच मागे पाठवतं आणि ओल्या डांबरावर चालकाला काही करावं लागत नाही. टोयोटाच्या फॉर्च्युनरने तर नाव तेच ठेवून यंत्रणा बदलली. २००९ ची इथली फॉर्च्युनर कायम चार चाकांवर चालायची, २०१६ पासूनची पार्ट-टाइम झाली. ताम्हिणीच्या पावसात सतत चार चाकांची पकड हवी असणाऱ्याला जुनी जास्त उपयोगाची, आणि वर्षातले अकरा महिने एक्सप्रेस-वेवर काढणाऱ्याला नवी. बाजारात मात्र दोघींना एकच विशेषण लागतं. थारबाबत तर उलटा घोळ आहे: जानेवारी २०२३ पासून तीच गाडी, तोच दिमाख, पण नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. म्हणून गिअरच्या शेजारी दुसरा लिव्हर आहे का ते आधी बघावं. डस्टरला असा लिव्हर नसतो, तिच्या बाबतीत गाडीखाली वाकून मागचं डिफरन्शिअल बघावं. ‘एडब्ल्यूडी’चा बिल्ला बाजारात कुठेही चिकटवून मिळतो.

ताकदीच्या कल्पनेतही अशीच गल्लत आहे. चाचणीच्या फेरीत लोक सिग्नलवरून गाडी उडवून बघतात आणि ‘पिकअप नाही’ किंवा ‘गाडी उडते’ असा निकाल देतात. चारही चाकांची गाडी ज्या कामासाठी घ्यायची त्या कामाशी या निकालाचा संबंध थोडाच असतो. २०१४ मध्ये आलेली डस्टर एडब्ल्यूडी याचं चांगलं उदाहरण आहे. १,४६१ सीसीचं डिझेल, ११० पीएस, सहा गिअर. लो रेंज नाही, म्हणून तिचा पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवला होता, इतका की सपाट रस्त्यावर तो टाकला न टाकला तोच दुसरा घ्यावा लागतो. शहरात चालवणारा याला दोष म्हणतो. खड्ड्यातून, ओल्या चढावरून, मागे सामान भरून क्लच न जाळता रांगत निघायचं असेल तर तोच गुण होतो. जिम्नीचं इंजिन अवघं १३४ न्यूटन-मीटरचं, पण फोर-लो टाकलं की चाकांपर्यंत पोचणारा जोर जवळपास दुप्पट होतो, हॉर्सपॉवर तेवढीच राहून. तेव्हा ‘ताकद’ म्हणजे नेमकं काय हवंय हे ठरवल्याशिवाय ती मायलेजशी तोलता येत नाही. घाटात ट्रकला मागे टाकायचंय की शेताच्या पाणंदीतून निघायचंय? पहिल्यासाठी मधल्या आरपीएमवरचा टॉर्क आणि धडधाकट टर्बो पुरतो, चार चाकांनी त्यात काही भर पडत नाही. दुसऱ्यासाठी गिअरचं प्रमाण आणि टायर लागतात, मोठ्या इंजिनाचा उपयोग कमी. थांबण्यासाठी तर चार चाकांचा काडीचा फायदा नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात. ओल्या उतारावर ऑल-व्हील-ड्राइव्हवाला दोन चाकांवाल्यापेक्षा लवकर थांबत नाही. चढताना पकड मिळाल्यामुळे तो उतारावर जास्त वेगात पोचलेला असतो, एवढंच.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. दोन्ही एकाच पारड्यात कशी, ते गाडीखाली गेल्यावर कळतं. कॅलिपरची पिन गंजून एक ब्रेक हलका धरून ठेवत असेल तर ते ओळखायला दहा-पंधरा किलोमीटर चालवून, ब्रेक न लावता गाडी थांबू द्यावी आणि चारही चाकांच्या मध्यावर तापमान मोजणारी बंदूक धरावी. एक चाक बाकीच्यांपेक्षा ठळक तापलेलं निघतं. ते चाक डिझेलही खात असतं आणि ओढही. ईजीआर काजळलेला, इनटेकच्या नळीत डांबरासारखा थर, इंजेक्टर थेंब गाळणारे: इंजिनाचा श्वास अडला की दोन्ही एकदम खाली येतात. बीएस-६ डिझेलमध्ये यात डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, भर पडली. काजळी जाळून टाकायला त्याला सलग, तापलेल्या इंजिनाची धाव लागते. पुण्यात कोथरूड ते डेक्कन एवढ्याच फेऱ्या झालेली गाडी जादा डिझेल फवारून ती जाळायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करते, तो पुन्हा पुन्हा अर्धवट राहतो, फिल्टर तुंबतो आणि मग गाडी स्वतःच ताकद आवरती घेते. अशी गाडी घेऊन ‘डिझेल असून अ‍ॅव्हरेज नाही आणि ऑटोमॅटिक असून पिकअप नाही’ असं म्हणणाऱ्याला तराजूचा काटा कधीच सापडणार नाही. ज्याची रोजची धाव दहा किलोमीटरच्या आत आहे त्याने बीएस-६ डिझेलच्या नादी न लागलेलं बरं, मग चाकं दोन असोत की चार.

शौकाने केलेले बदल याच वर्गात बसतात, आणि इथे माझं मत जरा तिखट आहे. उंच केलेली, जाड खडबडीत टायर घातलेली, छतावर लोखंडी जाळी आणि दिव्यांची पट्टी मिरवणारी थार फोटोत देखणी दिसते. टायरचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला की प्रत्येक गिअर पाच टक्क्यांनी लांब होतो, म्हणजे ओढ तेवढी कमी, आणि जड चाक फिरवायला लागणारा जोर वेगळा. शिवाय मीटर अंतर पाच टक्के कमी दाखवतं. मालक सांगतो ते मायलेजही त्यामुळे खोटं, आणि गाडी किती चालली हेही खोटं, मीटर मागे न करताच. छतावरच्या ओझ्याबद्दल अमेरिकेच्या सरकारी इंधन-माहितीत स्पष्ट लिहिलंय की छतावरचा मोठा बोथट डबा तिथल्या इंटरस्टेट हायवेच्या वेगाला १० ते २५ टक्के मायलेज खाऊ शकतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीच्या पुढे जातो, आणि वर ही जाळी. मूळ रचनेतल्या बदलांना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहेच. थोडक्यात, ‘हिच्यावर दीड लाख खर्च केलाय’ असं विकणारा म्हणाला की ते दीड लाख किमतीतून वजा करण्याच्या बाजूला धरावेत.

विकणाऱ्याचं आणखी एक लाडकं वाक्य आहे: ‘फोर बाय फोर कधी टाकलंच नाही, यंत्रणा नवीकोरी आहे.’ हे वाक्य ऐकलं की जरा सावध व्हावं. वापरात नसलेली यंत्रणा कोरी राहत नाही, ती आखडते. लिव्हरचे सांधे जाम होतात, काही गाड्यांत पुढचा अ‍ॅक्सल जोडणारी व्हॅक्यूमची रबरी नळी उन्हाने चिरते, सील सुकतात. टोयोटा आपल्या पार्ट-टाइम गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये दर महिन्याला किमान १६ किलोमीटर चार चाकांवर चालवायला सांगते ते यासाठीच, आतल्या भागांना तेल लागत राहावं म्हणून. कपलिंगवाल्या गाड्यांचं दुखणं याहून छुपं. स्कोडाच्या यतीत जे हाल्डेक्स पद्धतीचं कपलिंग असतं त्याला स्वतःचं तेल आणि स्वतःचा पंप असतो. प्लेटांचा झिजलेला बुका तेलात साचतो, जाळी तुंबते, पंप दमतो, आणि गाडी कसलाही गाजावाजा न करता पुढच्या दोन चाकांची होऊन जाते. डांबरावर काही कळत नाही. इंजिन तेच, पिकअप तोच, अ‍ॅव्हरेजही तेच, क्वचित थोडं बरंच. म्हणजे मायलेज आणि पिकअप या दोनच कसोट्या घेऊन आलेलं गिऱ्हाईक ही गाडी हसत पास करतं, चार चाकांचे जादा पैसे मोजतं आणि दोन चाकं घरी नेतं. माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा हा एकच पुरावा आहे असं कुणी म्हणेल: बघा, यंत्रणा मेली तरी दोन्ही शाबूत. बरोबर आहे. पण त्यातून एवढंच निघतं की या दोन आकड्यांवरून चार चाकांबद्दल काहीच ठरत नाही. त्यासाठी सुट्या खडीचा चढ शोधावा, पुढच्या चाकांना घसरू द्यावं आणि बाहेर उभ्या माणसाने मागच्या चाकांकडे बघावं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते करायला सांगितलं की कितीतरी विकणाऱ्यांना अचानक दुसरीकडे जायचं असतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. एवढी यातायात कशाला? दोन चाकांची गाडी घ्यावी, चांगले टायर घालावेत, भागलं. या आक्षेपाला मी अर्ध्याहून जास्त शरण जातो. महाबळेश्वर, माळशेज, वरंधा, कोकणातले डांबरी रस्ते, पाऊस कितीही असो, यांतल्या कशालाही मागची चाकं फिरवावी लागत नाहीत. नक्षी शाबूत असलेले टायर आणि बेताचा वेग लागतो. टोरांटो किंवा मिनेसोटात स्थायिक झालेले आपले नातेवाईक तिथल्या बर्फाच्या अनुभवावरून ‘ऑल-व्हील घ्याच’ असं फोनवर सांगतात. पण तिथेही थांबण्याच्या बाबतीत हिवाळी टायर चार चाकांपेक्षा मोठं काम करतात, आणि कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने हिवाळ्यात सक्तीचे केलेत ते टायरच. किनाऱ्याच्या ओल्या वाळूत गाडी फिरवायची हौस हे कारण तर मी मोजतच नाही. गोव्यात त्यावर बंदी आहे. तशी बंदी नसती तरी तिथून आलेल्या गाडीच्या चासिसखालचं मीठ पुढच्या मालकाच्या वाट्याला येतंच. ज्याला खरी गरज आहे तो माणूस वेगळा असतो. मराठवाड्यात, विदर्भात काळ्या मातीतून पावसाळाभर शेतावर जाणारा, साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामावर जाणारा, मेळघाटात किंवा भामरागडकडे नोकरी करणारा. त्यालाही टायरांतून सुटका नाही. रस्त्याचे टायर काळ्या मातीत चार पावलांत लिंपले जातात, नक्षी बुजते आणि मग चारही चाकं मिळून एका जागी गुळगुळीत फिरतात. फक्त वर्षातून असे तीस-चाळीस दिवस ज्याच्या वाट्याला येतात त्याच्यासाठी पाच-सात हजारांचं जादा इंधन हा चर्चेचा विषयच राहत नाही. ट्रॅक्टर बोलावून एकदा गाडी काढली तरी त्यातला बराच भाग फिटतो. ज्याच्या वाट्याला असे दोनच दिवस येतात त्याने तर मायलेजचा प्रश्नच विचारू नये, कारण त्याला ही गाडी नकोच आहे. मधले जे उरतात, ट्रेकला जाणारे, गावी उताराच्या कच्च्या रस्त्यावर घर असलेले, त्यांनी कपलिंगवाली हलकी गाडी बघावी आणि लो रेंजचा मोह सोडावा.

जुन्या गाडीत काही ना काही निघणारच, मग सगळंच नाकारत बसायचं का, असंही कुणी विचारतं. तसं नाही. बऱ्याचशा गोष्टी दुरुस्त होतात आणि दुरुस्त झाल्या की मायलेज व ओढ दोन्ही एकत्रच परत येतात. चार टायर एका मापाचे, एका कंपनीचे घालणं, ब्रेकची साफसफाई, इनटेक धुणं, तेलं बदलणं, हे सगळं किमतीत बसवता येतं. न बसणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत: आवाज करणारा ट्रान्सफर केस, वळणावर अडखळणारं कपलिंग, गंजाने पापुद्रे सुटलेली चासिस. भाव करताना विकणारा ‘सतरा देते’ म्हणतो आणि घेणारा ‘चौदाच देत असेल’ म्हणतो. त्याऐवजी एका पंपावर टाकी ऑटो-कटपर्यंत भरावी, शंभरेक किलोमीटर घाटासकट चालवावं आणि त्याच पंपावर पुन्हा भरावं. आलेला आकडा कंपनीच्या आकड्याच्या सत्तर टक्क्यांच्या बराच खाली असेल तर इंजिनाला नावं ठेवण्याआधी गाडीखाली जावं.

गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात पुढच्या-मागच्या डिफरन्शिअलचं, ट्रान्सफर केसचं आणि कपलिंग असेल तर त्याचंही तेल काढावं. सर्व्हिसच्या पुस्तकात शिक्के असोत वा नसोत. तेल ट्रेमध्ये पडताना बघत उभं राहावं. काळसर पण स्वच्छ असेल तर नुसतं जुनं झालंय. चंदेरी चमक असेल तर दात झिजताहेत. ड्रेन प्लगच्या चुंबकावर मऊ बुका चालतो, नखाला टोचणारा कण चालत नाही. आणि ट्रेमध्ये दुधाळ, कॉफीच्या रंगाचं काही आलं तर गाडी कधीतरी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आहे, ब्रीदरमधून पाणी आत गेलंय, आणि आधीच्या मालकाने ते कुणाला सांगितलेलं नाही.